हाडाची चौकशी

काठमांडूहून आलेल्या वनस्पतितज्ज्ञ डॉ. न्यौपान्यांनी एका वाक्यात आमचा वरचा उतार कापायला मोकळा करून दिला.

"जांभळं झुडूप आणि सुनपाती एकच. अहवालात आहे."

सुनपाती आम्ही देवापुढे जाळतो. सुगंधी तेल काढणारे तिची पोती भरून नेतात, परवाना घेऊन. जांभळं झुडूप त्या एका उताराखेरीज आम्ही कुठे पाहिलेलं नाही. त्याच्या धुराने डोकं फुटतं, पाला खाल्ला तर याकचं वासरू मरतं, आणि गुडघ्याएवढं वाढायला त्याला माणसाचा जन्म लागतो. पण एकच ठरल्यावर ठेकेदाराची माणसं विळे घेऊन हजर.

वन समितीची अध्यक्ष माझी आत्या, ल्हाक्पुती आनी. तिला नेपाळी कळत नाही, म्हणून दुभाषा मी, शाळामास्तर.

"विचार त्याला, एक कशावरून?"

डॉक्टरांनी समजावलं. पानातल्या हिरव्या कणांची जनुकं वाचली, वंशवृक्ष काढला, दोन्ही झुडपं एकाच फांदीवर आली. ही जनुकं फक्त आईकडून येतात, म्हणून घोळ होत नाही, हेही त्यांनी कौतुकाने जोडलं.

मी सांगितलं. आनीने चहाचा पेला खाली ठेवला. आम्हा शेर्पांत मांस आईचं, हाड बापाचं, आणि कूळ ठरतं हाडावरून. सोयरीक निघाली की शेंबडं पोरसुद्धा आधी हाड विचारतं.

"म्हणजे ह्याने मांस मोजलं! आई सुनपाती असेल, मी कुठे नाही म्हणते? बाप कोण? विचार, न्यौपाने हे आईचं नाव की बापाचं?"

"वडिलांचं," डॉक्टर म्हणाले.

"मग डोंगराला तेवढं आईचं का लावतोस रे, बिनहाड्या?"

असे शब्द मी एरवी गाळतो. हा नाही गाळला.

डॉक्टर लाल झाले. "जुना संकर असू शकतो. बापाकडची जनुकं पुढच्या टप्प्यात तपासू."

"कधी?"

"दोन वर्षांनी."

"आणि कापणी?"

"उद्या. तो विषय माझा नाही."

आनीने समितीच्या वहीत कापणीच्या मंजुरीवर अंगठा द्यायचं साफ नाकारलं. वनखात्याच्या कारकुनाने शांतपणे नियम वाचला: अध्यक्ष अडून बसल्यास उपाध्यक्षाची सही चालते. उपाध्यक्षही मीच. लिहिता येणाऱ्याच्या गळ्यात गाव सगळीच पदं घालतं.

"तुम्ही तरी शिकलेले आहात, सर," डॉक्टर म्हणाले.

शिकलेला म्हणूनच तीन उन्हाळे मी ह्यांना तो उतार दाखवत हिंडलो, पानं खुडून पाकिटांत भरून दिली, वर आभार मानले.

मी वही ओढली आणि लिहिलं: 'मांसाची तपासणी झाली. हाडाची झाली नाही. बाप सापडेपर्यंत कापणी नामंजूर.' खाली सही केली.

"ही सरकारी भाषा नाही," कारकून म्हणाला.

"मग खोडा," म्हणालो, आणि पेन खिशात घातलं.