एकाच वळूची वासरं

आमच्या जांबोटीत देवाला सोडलेला एक वळू होता. त्याच्याशिवाय दुसऱ्या वळूकडून गाय फळवायची नाही, हा गावाचा नेम. त्याच्याआधी त्याचा बाप होता, त्याआधी आजा. म्हणजे लेकींवर बाप आणि बहिणींवर भाऊ. माणसांत असं झालं असतं तर गावानं तोंडात शेण घातलं असतं. इथं मात्र लोक हळदकुंकू वाहत होते. मला बघून शिसारी यायची. वासरंही सगळी एका साच्यातली, गुडघ्यात वाकडी आणि सदा शेंबडी.

एका साली माझ्या दोन्ही गाई डोंगरावर गवळ्यांच्या कळपात मिसळल्या आणि तिथल्या वळूकडून गाभण होऊन परतल्या. दोघींना गोऱ्हे झाले, एक तांबडा, एक पांढऱ्या-काळ्या ठिगळांचा बांडा. बाप एकच, पण एकाचं दुसऱ्यासारखं काही नव्हतं. गावचे गावकर, म्हणजे मुख्य मानकरी, परशराम आप्पा नाकाला धोतर लावून दारात आले.

"अंबुबाई, गाई बाटल्या तुझ्या. ही पोरं आमच्या पाणवठ्यावर आणायची न्हाईत."

महायुद्ध संपलं त्या साली गुरांत रोग आला. तोंडात फोड, रक्ताची हगवण, डोळ्यांतून चिकट घाण. आधी वळूच पडला. तर आप्पांनी काय करावं? त्याची लाळ तीर्थ म्हणून परातीत धरली आणि गावातल्या प्रत्येक जनावराच्या नाकाला बोटानं फासली.

"आप्पा, घाण हाय ती! लावू नगासा!" मी ओरडले.

कुणी ऐकलं नाही. माझ्या बाटलेल्या गोऱ्ह्यांनाही त्यांनी सोडलं नाही. तेवढ्यापुरते ते गावाचे झाले.

पंधरा दिवसांत गोठे ओस पडले. ओढ्याकाठी ढोरं फुगून पडली, आणि घरात ताटातल्या भातावरही त्यांच्यावरच्याच माश्या बसत. वळूचं एकही वासरू वाचलं नाही. माझ्या दोन्ही गाई गेल्या, तांबडाही गेला. बांडा पाच दिवस पडून होता. सहाव्या दिवशी तो उठला आणि त्यानं गवताला तोंड लावलं. मी त्याच्या गळ्यात पडून रडले. बाप एक, लाळ एक, रोग एक. तरी तांबड्याला न मिळालेलं काहीतरी याच्या वाट्याला आलं होतं.

पुढं लोकांनी संकेश्वरच्या बाजारातून नव्या गाई आणल्या. बांडा वयात आला, तसे आप्पा हळदकुंकवाचं ताट घेऊन माझ्या अंगणात आले.

"देवानं कौल दिलाय, अंबुबाई. बांड्याला देवाला सोडू या. आता गावात ह्यो एकच वळू. दुसरा न्हाय चालायचा."

"आनि ह्याच्या लेकी मोठ्या झाल्या म्हंजे?"

"त्यास्नीबी ह्योच. देवाचा न्हवं का?"

मला अंगणातच ओकारी आली. तोंड पुसलं, बांड्याचं दावं सोडलं आणि त्याला गवळ्यांच्या डोंगरापर्यंत हाकलत नेलं. घरात जगलेलं एकुलतं एक जनावर मी माझ्या हातानं घालवलं. पण लेकीवर बाप चढताना पुन्हा बघायचा नव्हता मला.