सहा जणांच्या पेस्ट्र्या

“आज किती जण आहात, सिन्योरा देआन्ना?” मिर्नाने काउंटरपलीकडून विचारलं.

“सहा,” देआन्ना म्हणाली.

रविवारी सकाळी इटलीतल्या फाएन्झा गावातल्या त्या पेस्ट्र्यांच्या दुकानात रांग असायचीच. कुणाकडे दुपारी जेवायला जायचं तर हातात पेस्ट्र्यांचा पुडा हवा, रिकाम्या हाताने कोणी जात नसे. मिर्ना पुठ्ठ्याच्या तबकावर चिमट्याने एकेक पेस्ट्री मांडायची, वरून कागद गुंडाळायची आणि सोनेरी फितीचा फास करून द्यायची. त्या फासात बोट अडकवून माणूस रस्त्याने निघाला की बघणाऱ्याला कळायचं, याची कुठेतरी वाट पाहताहेत.

“भाच्याच्या धाकटीला अजून क्रीमच्या नळ्याच लागतात ना? दोन जास्त घालते. नाहीतर म्हणेल, फाएन्झाची आजी चिक्कू!”

रांगेतल्या बायका हसल्या. देआन्नाही हसली.

भाचा होता, तेवढं खरं होतं. पण मोरेनो चार वर्षांपूर्वीच बोलोन्या सोडून तोरिनोला गेला होता आणि नाताळात एक फोन करायचा. तीन वर्षांपूर्वी देआन्नाने इथेच दोन पेस्ट्र्या मागितल्या होत्या, तेव्हा मिर्ना सहज, पण मोठ्याने म्हणाली होती, “दोनच? एकट्याच की काय?” सगळी रांग वळून बघायला लागली. देआन्नाच्या तोंडून निघून गेलं, “छे, भाच्याकडे चाललेय, बोलोन्याला. सहा जणांना पुरतील एवढ्या द्या.”

बोलोन्याला ती तशीही जायचीच. महिन्याच्या पहिल्या रविवारी तिथल्या चित्रसंग्रहालयात तिकीट लागत नसे. चाळीस वर्षं तिने कारखान्यात ताटल्यांवर निळी फुलं रंगवली होती, आणि दुसऱ्यांनी कुंचला कसा चालवलाय हे बघण्याची तिला ओढ होती. नवा होता तो फक्त पुडा.

नोव्हेंबरचं धुकं होतं. बोलोन्याला गाडीतून उतरून ती कमानींखालच्या रस्त्याने निघाली. एका दुकानाच्या काचेत गडद लाल हातमोजे दिसले. ती आत गेली आणि घालून पाहिले. बोटांना अगदी बेताचे बसले.

“भेट द्यायचेत?” विक्रेतीने विचारलं.

“हो,” देआन्ना सवयीने म्हणाली. मग विक्रेतीने ते रंगीत कागदात बांधून वर फूल लावून दिले. घरी कपाटात अशा भेटी बऱ्याच होत्या. आपल्याच हाताने आपल्याला दिलेली भेट उघडायची तिला लाज वाटे, म्हणून त्या बांधलेल्याच राहत.

संग्रहालयात खाण्याचं काही आत नेऊ देत नसत. पुडा दाराशी सामानघरात ठेवावा लागे आणि तिथे लेआर्को असे. आडव्या बांध्याचा, मोठ्या पंजांचा, सतत बोलणारा माणूस.

“आलं आमचं रविवारचं पार्सल!” तो म्हणाला. “इथे हीटरजवळ क्रीम नासेल आणि तुमचा भाचा माझ्यावर खटला भरेल. आतल्या फ्रिजमध्ये ठेवतो. लॉरेत्ताचं दही बाहेर काढलं की जागा होते. तिला सांगू नका.”

“मला ऐकू येतं हं, लेआर्को!” तिकीट खिडकीतून लॉरेत्ता ओरडली. “बहिरा तू आहेस, मी नाही.”

देआन्ना नेहमीप्रमाणे एकाच चित्रापाशी सर्वांत जास्त वेळ थांबली. चित्र लहान होतं आणि कुणी काढलं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. एक बाळंतीण पलंगावर टेकून बसली आहे आणि दासी तिच्यासाठी सूपाचा वाडगा घेऊन येते आहे. वाडगा काठोकाठ भरलेला, आणि दासीचा अंगठा सूपात बुडालेला. चित्रकाराने तो अंगठा पुसून टाकला नव्हता. सगळ्या संग्रहालयात देआन्नाला हे एवढंच घरातलं वाटे.

ती एक वाजता सामानघराशी आली. लेआर्कोने फ्रिजमधून पुडा आणला, पण हातात दिला नाही.

“आज माझा शेवटचा रविवार,” तो म्हणाला. “बुधवारपासून मी पेन्शनर.”

“असं?” देआन्ना म्हणाली.

“बहिणीने सूपात सोडायच्या, सारण भरलेल्या तोर्तेल्लिनी वळून पाठवल्यात. अख्ख्या तीनशे! म्हणाली, निवृत्तीचं जेवण घाल कुणालातरी. पोरगी जर्मनीत, बायकोला जाऊन सहा वर्षं झाली. कुणाला घालू? या लॉरेत्ताला?”

“मला नवरा आहे,” खिडकीतून आवाज आला, “आणि जिभेला चवही आहे.”

लेआर्को हसला नाही. फितीशी चाळा करत म्हणाला, “तुम्हालाच म्हणणार होतो, सिन्योरा. कधीपासून मनात आहे. पण तिकडे सहा माणसं ताटं मांडून बसलेली. त्यांच्या तोंडचा पुडा पळवायचा म्हणजे…”

तो थांबला. आता बोलायची पाळी तिची होती. देआन्नाने तोंड उघडलं. तीन वर्षं जीभ एकाच वाटेने चालत आली होती.

“हो ना,” ती म्हणाली. “वाट बघत असतील.”

“मग पळा. सुखी ठेवा भाच्याला.” त्याने पुडा दिला.

स्टेशनजवळ एक खानावळ होती, तिथे ती दर वेळी जेवायची. जेवून झालं की फलाटाच्या टोकाच्या बाकावर पुडा ठेवायचा आणि गाडीत चढायचं, असा तिचा नेम होता. पहिल्या महिन्यात तिने सगळ्या पेस्ट्र्या घरी नेऊन तीन दिवस खाल्ल्या होत्या. अन्न टाकणं तिच्या जिवावर येई. बाकावर ठेवलं तर कुणीतरी उचलेल, असं ती मनाशी म्हणायची. गाडी सुटेपर्यंत खिडकीतून बघत राहायची, पण उचलताना तिला कुणी कधी दिसलं नव्हतं.

ती भिंतीकडच्या टेबलाशी बसली. वेटर आला. “एकट्याच ना?” म्हणत त्याने समोरची ताटली, ग्लास, काटा, सुरी उचलली. एकावर एक ठेवताना त्यांचा आवाज झाला. दर वेळी होत असणारच. आज तिला तो सोसवेना. ती काही न मागवताच उठली.

संग्रहालयापर्यंत वीस मिनिटांचा रस्ता. ती जवळजवळ धावतच गेली. सामानघरात दुसराच माणूस बसला होता.

“पुडा तर हातात आहे,” लॉरेत्ता खिडकीतून म्हणाली. “मग काय विसरलात?”

“लेआर्को?”

“गेला. माझ्या गळ्यात पडून रडला आणि जाता जाता माझं दही खाऊन गेला. काही निरोप होता?”

देआन्ना उभीच राहिली. नाही, असू दे, हे शब्द ओठांवर आले होते. लॉरेत्ताने एकदा तिच्याकडे, एकदा पुड्याकडे पाहिलं. मग काही न विचारता आपल्या फोनवर नंबर लावला आणि फोन खिडकीतून पुढे केला.

“आता काय राहिलं, लॉरेत्ता? दही भरून देतो म्हटलं ना!”

“मी आहे,” देआन्ना म्हणाली. “पुडेवाली.”

“सिन्योरा? काय झालं? क्रीम नासलं?”

“मोरेनो तोरिनोला असतो. चार वर्षं झाली.” तिचा आवाज तिला परका वाटला. “माझी कुणी वाट बघत नाही.”

पलीकडे बसची घरघर ऐकू येत होती.

“मग एवढ्या पेस्ट्र्या?”

“स्टेशनवर बाकावर ठेवते.”

“दर वेळी?”

“दर वेळी.”

तो हसेल अशी तिने तयारी केली होती. तो हसला नाही.

“अजून सूप तापत ठेवलेलं नाही मी,” तो म्हणाला. “चौकातून नदीकडे जाणारी बस घ्या. शेवटच्या थांब्यावर उतरा. मी खाली येऊन उभा राहतो.”

रविवारची बस लवकर येत नाही. थांब्यावर देआन्नाशिवाय कुणी नव्हतं. आनंद झाला असावा, पण जाणवत होती ती भीतीच. समोर माणूस बसलेला असताना घास कधी घ्यायचा आणि कधी बोलायचं, हे ती विसरून गेली होती. शिवाय लेआर्कोची स्मरणशक्ती चांगली होती. मार्चमध्ये तिने सांगितलं होतं की धाकटीला गालगुंड झालंय, आणि एप्रिलमध्ये त्याने आठवणीने विचारलं होतं, उतरलं का म्हणून. मोरेनोच्या नव्या घराची गच्ची, सूनबाईचा हट्टी स्वभाव, थोरल्याने शाळेत मिळवलेलं बक्षीस, सगळं त्याने मन लावून ऐकलं होतं.

बस आली. आत दोनच माणसं होती. देआन्ना पुढच्या बाकावर बसली, पुडा मांडीवर सरळ धरला, आणि त्याला सांगितलेल्यातलं कोणतं आधी मागे घ्यावं याचा विचार करू लागली.