पाच पट्ट्या

धाकट्या साडूच्या मोटरसायकलला मागे एक काळी पिशवी बांधलेली असायची. आत दाभण, पक्कड, हातपंप आणि पंक्चर बुजवायच्या पाच चिकट पट्ट्या. पेट्रोल भरायला गेला तरी पिशवी बरोबर. एक वेळ बायकोला विसरेल, पिशवीला नाही.

ती त्याला दिली होती थोरल्या साडूने. थोरला सासऱ्याच्या टायरच्या दुकानात वीस वर्षं मुरलेला, बेरकी. त्याला पहिल्याच दिवशी दिसलं होतं, धाकट्याची चाकं तारांची, म्हणजे आत ट्यूब. असल्या पट्ट्या चालतात फक्त बिनट्यूबच्या टायरला. ट्यूबच्या चाकात त्या घालणं म्हणजे गळक्या बादलीला बाहेरून रंग देणं. थोरला गप्प बसला. वर भेटेल तेव्हा विचारायचा, "काय डॉक्टर, दवाखाना बरोबर आहे ना?" धाकटा ऐटीत पिशवीवर थाप मारायचा. आठवून आठवून थोरल्याला जेवताना ठसका लागायचा.

मग म्हाताऱ्या सासऱ्याने दुकान दोघा जावयांच्या नावावर करायचं काढलं. अकराला कागद होणार. दोघं हजर तर अर्धं-अर्धं, एकच हजर तर सगळं त्याचं. आणि म्हातारा शब्दाला पक्का. उशीर केला म्हणून सख्ख्या भावाला त्याने दारातून परत पाठवलं होतं.

दुकानामागच्या खोलीत सासरा, वकील आणि थोरला बसले होते. दहाला फोन वाजला.

"दादा, खिळा घुसला. तीस किलोमीटर राहिलंय. मागून बस येतेय, हात करू का?"

खिळा थोरल्याने टाकला नव्हता. पण आयता पडलाय तर वाया कशाला घालवा, असा तो माणूस.

"बस कशाला? पिशवी काय शोभेला आहे? दहा मिनिटांचं काम. दाभण चांगलं खोल घाल, गोल फिरव."

फोनमधून बस घरघरत निघून गेली. थोरल्याने समाधानाने चहाचा घोट घेतला.

साडेदहाला पुन्हा फोन. "दादा, हवा टिकत नाही."

"एका पट्टीने कुणाचं भागलंय? दुसरी घाल."

पुढच्या फोनला सासऱ्याने हात केला. "आवाज मोठा कर. कळू दे मलाही."

"दादा, चार घातल्या," धाकटा धापा टाकत होता. "तारांच्या मुळाशी फुसफुसतंय. दुसरी बस आता दुपारीच."

सासऱ्याने फोनवर तळवा दाबून धरला. "तारांचं चाक ना त्याचं?"

"हो, मामा."

"आणि तू पट्ट्या घालायला लावतोयस."

थोरल्याने कप खाली ठेवला. चाळीस वर्षं टायर उघडलेल्या माणसापुढे थाप कसली मारणार? वकील छताकडे बघत बसला. घड्याळात अकराला दहा कमी होते.

म्हाताऱ्याने तिकडे नजर टाकली. मग म्हणाला, "वर्षभर चाकावर बसून फिरला, आत काय आहे ते बघितलं नाही. असल्याच्या हातात टायरचं दुकान द्यायचं?"

त्याने तळवा उचलला. आवाजात साखर आली. "जावईबापू."

"हां मामा. निघतोच बघा."

"पाचवी घातलीत का?"

"नाही, एकच उरलीय."

"घाला. घाई नको, दमाने घाला."

आणि अकराच्या ठोक्याला पेन थोरल्यापुढे सरकवलं. फोनमधून हातपंपाची फुस्स-फुस्स येत होती. त्या तालावर थोरल्याने तीन जागी सह्या केल्या.