आईच्या आवाजापुरती वीज

मित्रांनो, मी एक जुनी बॅटरी आहे. बारा व्होल्टची, चौकोनी आणि चांगलीच वजनदार. आता भंगारवाल्याची वाट बघत दाराशी पडले आहे. तो यायच्या आत माझं ऐकून घ्या, नाहीतर माझा जीव तुटेल हो!

मला रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका गृहस्थांनी घरी आणलं. त्यांच्याकडे एक रेकॉर्ड होती, मित्राकडून कोरून घेतलेली, जगात एकच. तिच्यात त्यांची बायको तान्ह्या लेकीला हलक्या आवाजात गोष्ट सांगते. लेक दोन वर्षांची असताना ती बाई गेली.

रेकॉर्डच्या सुईकडून येणारा आवाज फार नाजूक. तो मोठा करायला प्रीअँप नावाची डबी लागते. ती घरातल्या विजेवर लावली की घूंऽऽ अशी घरघर व्हायची आणि बाईंचा आवाज तिच्यात बुडायचा. माझी वीज शांत. मला जोडल्यावर मालक म्हणाले, "अरे वा, हिचा श्वाससुद्धा ऐकू येतोय!" खोटं कशाला बोलू, मी हुरळून गेले.

ऐकताना चार्जर काढायचा, झालं की डबीचं बटण बंद करून चार्जर लावायचा, हा त्यांचा शिरस्ता. डबीवर साधा दिवासुद्धा बसवला नव्हता. "दिवा कशाला? तेवढीच वीज खाणार," म्हणायचे. तिथंच घात झाला! एकदा ऐकता ऐकता त्यांना रडू कोसळलं आणि ते तसेच उठून गेले. बटण चालूच राहिलं, चार्जरही लावायचा राहिला. दुसऱ्या दिवशी, परगावी राहणाऱ्या लेकीच्या कानाचं दुखणं वाढल्याचा फोन आला, तसे ते तिच्याकडे धावले. तीन आठवडे मी थेंबाथेंबानं रिकामी होत होते. ओरडावंसं वाटायचं, पण मला कुठलं तोंड?

लेकीचा एक कान आधीच गेलेला. दुसऱ्याचं ऑपरेशन ठरलं, पण नंतर ऐकू येईलच असं डॉक्टर सांगेनात. आणि वडिलांनी ती रेकॉर्ड तिला कधी लावूनच दाखवली नव्हती. त्यांचा धीर होत नसे. ती म्हणाली, "बाबा, दवाखान्यात जायच्या आधी मला आईचा आवाज एकदा ऐकू द्या."

सकाळी लेकीला घेऊन घरी आल्या आल्या त्यांनी मला चार्जरला लावलं. दुपारी मीटर धरला. बारा व्होल्टच्याही वर! "ठणठणीत आहे," म्हणाले. अहो, कसली ठणठणीत! इतके दिवस रिकामी राहिल्यानं वरवर भरलेली, आतून पार संपलेली.

लेकीनं हेडफोन चढवला. सुई टेकली. "एक होती चिमणी मुलगी..." मी होतं नव्हतं ते सगळं ओतलं. दुसऱ्याच वाक्याला आवाज फाटायला लागला.

"बाबा, तुटतंय!"

त्यांनी चार्जर खुपसला. घूंऽऽ!

"काढा, काढा! काहीच कळत नाही," ती रडायला लागली. नवी बॅटरी आणावी तर दुकानं बंद होती. दवाखान्यात न्यायला आलेला गाडीवाला बाहेर हॉर्न वाजवत होता. मी मेले होते, मित्रांनो.

मग त्यांनी हेडफोन उतरवला, तिच्या चांगल्या कानाशी तोंड नेलं आणि गोष्ट पुढे सांगायला लागले. शब्द न् शब्द पाठ होता. बाई थांबायची तिथं तेही थांबत होते. "आई अशीच सांगायची?" तिनं विचारलं. "अशीच," म्हणत त्यांनी पुढचं वाक्य सांगितलं.

ऑपरेशनचं काय झालं, मला कुणी सांगितलं नाही. मित्रांनो, हात जोडते, बटणं बंद करत जा. आणि कुणाला काही ऐकवायचं असेल तर आजच ऐकवा, माझ्यासारखीच्या भरवशावर राहू नका.