न्यायमूर्तींच्या चार खुर्च्या

टॅलोवा स्टेट विद्यापीठाचा वकील डेलबर्ट क्रेनशॉ याने कुलगुरू लॅसिटरना छातीठोकपणे सांगितलं होतं, की खटला आपल्या टॅलोवा गावातच चालेल, नाहीतर मी राजीनामा देईन. राजीनामा कुणी मागितला नव्हता. पण बोलण्याच्या भरात स्वतःला पणाला लावायची डेलबर्टला खोड होती, आणि लॅसिटरना असली वाक्यं नेमकी लक्षात राहत.

दहा विद्यापीठांनी मिळून आपसात फुटबॉल खेळण्यासाठी एक कॉन्फरन्स केली होती. टॅलोवाला तिच्यातून बाहेर पडायचं होतं आणि कॉन्फरन्स करार दाखवून अडवत होती; त्यावरूनच खटला उभा राहिला होता. शिवाय तिचा अर्ज होता, की टॅलोवात निःपक्षपाती न्यायाधीश मिळणं अशक्य, तेव्हा खटला आमच्या शहरात हलवा.

अर्जात तथ्य होतं. खटला ज्यांच्यापुढे होता ते न्यायमूर्ती ऑगलट्री स्वतः टॅलोवाचे पदवीधर. दर शनिवारी तोंडाला टॅलोवाचा जांभळा रंग फासून ते सामन्याला बसत, आणि सोमवारी कोर्टात कानामागे थोडा उरलेला असे.

डेलबर्ट उभा राहिला आणि सुटलाच. "न्यायमूर्ती महाराज, पदवी भिंतीवर टांगलेली असते, निकालात नाही! कुणी कुठे शिकलं यावरून त्याच्या न्यायबुद्धीवर शंका घेणं म्हणजे या खुर्चीचा अपमान आहे!"

लॅसिटरनी टाळी वाजवायला उचललेले हात कसेबसे खाली घेतले.

कॉन्फरन्सची वकील ॲबिगेल स्ट्राउड शांतपणे उठली. "क्रेनशॉसाहेबांचं सगळं मान्य. पदवीवर हरकत घेता येणार नाही, असा आदेशच द्यावा. खटलाही इथेच राहू दे. आमची हरकत फक्त तिकिटांवर आहे. खटला चालेपर्यंत न्यायमूर्तींनी टॅलोवाच्या मैदानावरच्या आपल्या मोसमभराच्या चार खुर्च्या परत कराव्यात."

त्या चार खुर्च्या ऑगलट्रींच्या वडिलांनी अकरा वर्षं वाट पाहून मिळवल्या होत्या. एकदा सोडल्या की पुन्हा यादीच्या तळाशी.

"परत म्हणजे... काही दिवस कुणाला दिल्या तर?"

"परत म्हणजे परत, महाराज."

ऑगलट्रींनी चष्मा पुसला. पदवीबद्दलचा आदेश सही करून दिला आणि म्हणाले, "डेलबर्ट, माफ कर रे बाबा. खटला सोडीन, पण खुर्च्या सोडणार नाही. मला घरी तोंड दाखवायचंय."

यात कुणालाच काही गैर वाटलं नाही. डेलबर्टलासुद्धा नाही. त्याला खरी काळजी वाटली ती फाइल समोरच्या दालनात जाताना पाहून. गावात दुसरं कोर्ट एकच, न्यायमूर्ती व्हॉस यांचं. आणि व्हॉसबाई ब्रॅशियर टेक विद्यापीठाच्या पदवीधर! टेक म्हणजे टॅलोवाचे हाडवैरी. लग्नात टेकच्या पाहुण्यांना टेबल वेगळं लागतं. इथे न्यायाधीश मतदानाने निवडतात, आणि बाई निवडून आल्या त्याही प्रतिस्पर्ध्याने मतदानाच्या आठवड्यात टॅलोवाच्या प्रशिक्षकाला नावं ठेवली म्हणून. सामने त्या घरीच टीव्हीवर बघत, त्यामुळे तिकिटांचा प्रश्नच नव्हता.

"मी टेकची आहे, हे आधीच सांगते," व्हॉसबाई म्हणाल्या. ऑगलट्रींचा आदेश त्यांनी सावकाश, चवीने वाचला. "काय सुरेख युक्तिवाद केलात हो, क्रेनशॉ. तर मग, माझ्यावर कुणाची हरकत?"

"घे ना हरकत!" लॅसिटरनी डेलबर्टचा कोट ओढला.

"कशी घेऊ? माझंच वाक्य आहे ते," डेलबर्ट कुजबुजला. "आणि घेतली तर खटला कॉन्फरन्सच्या शहरात जाईल."

स्ट्राउड त्याच्याकडे बघून हसली, तेही अगदी आपुलकीने. आयुष्यात पहिल्यांदाच डेलबर्टला आपण कमी बोललो असतो तर बरं झालं असतं, असं मनापासून वाटलं.

"काही हरकत नाही, बाईसाहेब," तो म्हणाला. खाली बसताना त्याने लॅसिटरना समजावलं, "पण साहेब, खटला टॅलोवातच चालतोय. मी शब्द पाळला."

"पाळलास खरा," लॅसिटर समोर बघत म्हणाले. "आता राजीनामाही दे."