टिपणीसांच्या मोठ्या फ्लॉप्या

टिपणीस कुलमंडळाच्या दर संमेलनात प्रभाकरराव एकच वाक्य टाळ्यांसाठी राखून ठेवत : कुलवृत्तान्त तयार आहे, कॉम्प्युटरमध्ये आहे. अठ्ठ्याऐंशी साली त्यांनी ऑफिसच्या मशीनवर घराण्याच्या साऱ्या पिढ्या, लेकीसुना धरून, रोमन अक्षरांत टाइप केल्या, बशीएवढ्या मोठ्या फ्लॉप्यांत भरल्या आणि मूळ कागद रद्दीत घातले. फ्लॉपी असताना कागद जपणं म्हणजे गॅस आल्यावर चूल सारवणं, असं त्यांचं मत. चुलतभाऊ विश्रामने तेव्हाच नाक मुरडलं होतं. आता दहाएक वर्षांनी मंडळाने छपाईचा मुहूर्त धरला, आणि त्यांच्या वर्तकनगरच्या घरात मुलाने आणलेल्या नव्या पेंटियम कॉम्प्युटरला मोठी फ्लॉपी आत जाईल असं तोंडच नव्हतं.

ऑफिसच्या मोडीतून त्यांनी मोठ्या फ्लॉप्या वाचणारा जुना ड्राइव्ह पैदा केला. तो जोडायला खोपटचा कॉम्प्युटर दुरुस्त करणारा बाळ कोळी आला. दोन मिनिटांचं काम आहे, म्हणत त्याने मशीन उघडलं. तिसऱ्या चहालाही तो तेच म्हणत होता. नव्या केबलच्या टोकाला पिनांसाठी भोकं, जुन्या ड्राइव्हला हवी लांबट खाच. तसली केबल डोंबिवलीत एका भंगारवाल्याकडे निघाली, आणि ती आणायला अर्थातच प्रभाकररावांनाच जावं लागलं. उलटी बसली तेव्हा ड्राइव्हचा दिवा पेटला तो विझेचना. सुलटी बसली तर मशीन त्याला ओळख देईना. मग सेटअपमध्ये शिरून नव्या मशीनला जुन्या ड्राइव्हची माहिती द्यावी लागली. स्थळ सांगून आल्यासारखी, उंची किती, मावतं किती. प्रभाकररावांचं डोकं तापलं होतं. ज्या घराण्यात तीन पिढ्या सुना बिनतक्रार नांदल्या, त्या घरात एक ड्राइव्ह नांदत नाही म्हणजे काय!

शेवटी ड्राइव्ह घरघरला. पहिली फ्लॉपी वाचता येत नाही, असं पडद्यावर आलं. बाळ म्हणाला, "काका, मी स्क्रू घेऊन येतो. तोवर हात नका लावू हां."

तो जिना उतरला आणि प्रभाकररावांनी दुसरी फ्लॉपी घातली. मग तिसरी. मग हट्टाने, डब्यातल्या एकूण एक. प्रत्येक वेळी तीच घरघर, तेच उत्तर. बाळ परत आला, त्याने ड्राइव्हचं झाकण काढलं आणि आत, फ्लॉपी वाचणाऱ्या हेडवर, टॉर्च मारला.

"काका, हेडला कुंकू लागलंय."

सुमतीबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. दर खंडेनवमीला फ्लॉप्यांची पूजा त्याच करत. पहिल्या वर्षी त्यांनी डब्यावर नुसतं फूल वाहिलं, तेव्हा हेच गृहस्थ चिडले होते : माझं शस्त्र आहे ते, नीट हळदकुंकू लाव. मग त्यांनी दरवर्षी एकेक फ्लॉपी पाकिटातून काढून तिच्या लांबट खिडकीत बोट टेकवलं होतं.

"कपाळासारखी जागा दिसली, तिथे लावलं," त्या म्हणाल्या. "तो डोळा आहे, हे मला कोण सांगणार?"

बाळने फ्लॉप्या उजेडात धरल्या. कुंकवाचे कण हेडखाली येऊन प्रत्येकीवर गोल ओरखडे उठले होते. एकच घातली असती तर बाकीच्या वाचल्या असत्या, ओ काका, असं तो पुटपुटला.

हेड पुसल्यावर एक फ्लॉपी मात्र चालली. ती डब्यात नव्हतीच. लोकांना दाखवायला त्यांच्या बॅगेत असायची, त्यामुळे पूजेतून सुटली. पडद्यावर मजकूर उमटला तसे प्रभाकरराव खुर्चीतून अर्धे उठले. संपादकाचं मनोगत होतं. पानभर आभार, आणि खाली त्यांचं पूर्ण नाव. घराण्यातलं दुसरं माणूस त्यात औषधालाही नव्हतं.

बाळ सामान आवरून गेला. सुमतीबाईंनी फोन उचलून त्यांच्यापुढे धरला, विश्रामचा नंबरही त्यांनीच फिरवला. प्रभाकररावांनी घडलं ते सांगितलं, फक्त सगळ्या फ्लॉप्या घालून पाहिल्याचं सोडून.

पलीकडे विश्रामने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आडनाव टिपणीस, आणि टिपण ठेवलं नाहीस. ज्यांना पुन्हा विचारावं त्या म्हाताऱ्यांपैकी निम्मे तर आता गेले रे."

"तुला जे आठवतं ते सांग."

"सांगतो. ये उद्या. आणि रिकाम्या हाताने ये, कॉम्प्युटर आणू नकोस."