अलिनूरच्या पायातली दोरी

सांगते त्यातला शब्द न् शब्द खरा आहे, अगदी ओरडून सांगते! खोटं निघालं तर माझ्या कढईतला एकही बोरसोक जन्मात फुगू नये, सगळे दगडासारखे तळाला बसावेत. अल्मातीचा तो मॉल अजून जागेवर उभा आहे. जा, विचारा त्याच्या फरशीला.

तर तोकमोकच्या साल्कीनाय आपा सून गुलझातला आणि दोन नातवंडांना घेऊन हद्द ओलांडून अल्मातीला आल्या. निमित्त होतं सहा वर्षांच्या बेगीमायच्या शाळेच्या दप्तराचं. धाकटा अलिनूर चौदा महिन्यांचा झाला तरी पाय जमिनीला लावायला तयार नव्हता. कडेवर बसून खानासारखं राज्य करायचा. आपांच्या एका हातात काठी, दुसऱ्या हातात पिशवी, आणि त्या पिशवीत मार्चपासून काळ्या-पांढऱ्या लोकरीची पिळलेली दोरी. पोर कधी चालेल याचा काय नेम?

कारण पोरानं पहिली पावलं टाकली की त्याच्या पायात ती दोरी बांधायची. मग मुलांनी लांबून धावत यायचं आणि पहिला येईल त्यानं ती कापायची. कापणाऱ्याचा गुण पोराच्या पायात उतरतो. न कापता फिरू दिलं तर पोर जन्मभर अडखळतं.

भावाची दोरी आपणच कापायची, हे बेगीमायनं मनाशी पक्कं केलं होतं. बर्फ वितळल्यापासून ती रोज सकाळी कालव्यापर्यंत धावून यायची. पण घरी चार चुलतभाऊ. त्यातला दहा वर्षांचा नुरतिलेक म्हणजे नुसता ससा. तो तिला म्हणायचा, "तू कापलीस ना, तर अलिनूर म्हातारा होईल पण दारापर्यंत पोचायचा नाही!" बेगीमाय रडायची नाही. मुकाट्यानं आणखी एक फेरी मारून यायची.

दप्तर घेतलं, समसे खाल्ले, आणि बुटांच्या दुकानासमोर गुलझातनं अलिनूरला क्षणभर खाली ठेवलं. घरी सगळीकडे नमदे अंथरलेले, अशी चकचकीत फरशी त्यानं कधी पाहिलीच नव्हती. फरशीत त्याला दुसरं एक बाळ दिसलं. ते पुढे सरकलं म्हणून हाही उठला. एक, दोन, तीन, चार पावलं! आणि बदकन बसला.

"आपा! चालला! चालला हो!" गुलझात किंचाळली.

"ओरडू नकोस, उचल आधी. पाय टेकू देऊ नकोस आता." आपांनी पिशवीत हात घातला.

"आपा, इथे नको हं! घरी मेंढा कापायचाय, सगळा गोतावळा बोलवायचाय..."

"मेंढा काही पळून जात नाही. पोर चाललं ना? मग आजच."

बेगीमाय आजीच्या कोटाला लोंबकळली. "आपा, इथे नुरतिलेक नाहीये."

"मला ठाऊक आहे गं कोण कुठे आहे ते," आपा म्हणाल्या.

तेवढ्यात एक रखवालदार आला. नाव बेकझान, कपाटाएवढा दणकट. "आपा, इथे धावायला बंदी आहे. आणि आम्हा कझाकांकडे शर्यत-बिर्यत नसते. एखादी चांगल्या पायगुणाची बाई शांतपणे दोरी कापते."

"बसून कापलेल्या दोरीनं पोर बसायला शिकतं बाळा. तुझी कुणी कापली होती?"

बेकझान लाजला. "मावशीनं."

"म्हणून इथे दिवसभर उभा आहेस. तुझ्यासाठी कुणी धावलं असतं तर आज मॉल तुझा असता."

आजूबाजूला गर्दी जमली, हसू फुटलं. बेकझान म्हणाला, "बरं, एकदाच. पण मी सोबत धावणार. कुणी पडलं तर सांभाळायला."

चाळीस पोरं जमली. कझाक, रशियन, एक तर थेट कोरियन. गुलझात कुजबुजली, "आपा, ती उंच पोरगी बघा. बेगीमायचं काही खरं नाही."

आपांनी काठीनं वाट दाखवली. "कारंज्यापासून सुरुवात. खेळण्यांच्या दुकानावरून, मग माशांच्या टाकीवरून, मग मिठाईवाल्यावरून, आणि शेवटी आमचं बाळ. गुलझात, तू त्याला धर. मी मधे उभी राहते. कुणी लबाडी करायला नको."

आपांनी अलिनूरच्या पायात दोरी बांधली, लहान मुलांचे केस कापणाऱ्या बाईनं कात्री दिली. आपांनी शिट्टी मारली. आणि निघाली की हो पोरं! दुकानातल्या पुतळ्यांच्या टोप्या उडाल्या. पण खेळण्यांच्या दुकानात एक अस्वल ढोल वाजवत होतं, तिथे वीस पोरं गळाली. टाकीतल्या माशांनी माना वळवून शर्यत पाहिली, त्या माशांपायी दहा थांबली. उंच पोरगी मिठाईवाल्याच्या काचेला नाक लावून उभी राहिली, तिची आई ओरडत बसली. बेगीमाय मात्र कालव्याकडे बघत धावायची तशी समोर बघत धावली. शेवटून पहिली होती, ती बघता बघता पहिल्या दोघांत आली.

दुसरा होता बेकझान. सांभाळायला म्हणून निघालेला बाबा, पण त्याच्या अंगात रक्त उसळलं होतं. डोळे मोठे, मिशा मागे उडालेल्या. त्याला ना अस्वल दिसत होतं ना मिठाई. बेगीमायच्या चार पावलं पुढे गेला.

आपा काठी टेकून उभ्या होत्या तिथेच कुणीतरी पिस्त्याचं आइस्क्रीम सांडलं होतं. बेकझानचा पाय त्यावर पडला आणि तो पोटावर घसरत घसरत थेट चपलांच्या दुकानात शिरला.

बेगीमाय पोचली. धाप लागलेली, वेणी सुटलेली. कात्री दोन्ही हातांनी धरून तिनं कचकन दोरी कापली आणि अलिनूरचा हात धरून त्याला सात पावलं चालवलं. आठव्या पावलाला त्यानं तिचा हात झिडकारला आणि एकटाच फरशीतल्या बाळामागे निघाला.

"बघितलंत, आपा?" गुलझातनं डोळे पुसले. "थांबतच नाहीये."

"कशाला थांबेल?" आपांनी पिशवीतले बोरसोक मूठमूठ उधळले आणि अख्खा मॉल ते वेचायला वाकला. कपाळावर टेंगूळ घेऊन बेकझान आला. त्याला सगळ्यांत मोठा मिळाला. तो म्हणाला, "आपा, माझ्या पोराच्या वेळीही याल ना?"

"आधी लग्न कर, मग येते."

आज अलिनूर आठ वर्षांचा आहे. नुरतिलेकपेक्षा हळू धावतो, पण कालव्याच्या पलीकडच्या टेकडीवर तोच पोचतो.

सगळं खरं आहे. फक्त एवढंच, की आइस्क्रीम तेवढं मी आत्ता घातलं. फरशी अगदी लख्ख होती. काठी होती आपांची.